चावी फिरवली होती का?

नव्वद हजारांची जुनी पिकअप घेताना मी सगळी कागदं तपासली होती. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मोबाइलवर जुनी चलनं शोधली. फायनान्सचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, सगळीकडे सह्या घेतल्या. इंजिन जाम आहे हे मला माहीत होतं. विकणाऱ्यानं ते लपवलं नव्हतं. म्हणूनच तर ती नव्वद हजारांना मिळत होती. त्याच मॉडेलची चालती गाडी तेव्हा अडीच लाखांच्या खाली कुणी द्यायला तयार नव्हतं.

एकच गोष्ट मी तपासली नाही. ती बाबांनी विचारली होती, आणि मी त्यांना गप्प केलं.

आमचं गाव करडी. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला कोक्याचं जंगल, मध्ये धानाच्या बांध्या. मी सहा वर्षं चाकणला एका कारखान्यात असेम्ब्ली लाइनवर होतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गावी आलो आणि मग परत बोलावणं आलंच नाही. दीड एकरात भेंडी, वांगी, चवळी लावली. माल चांगला यायचा. पण भंडाऱ्याच्या मंडईत तो न्यायचा तर भाड्याची गाडी, फेरीला पंधराशे. भाव पडलेल्या दिवशी भाडं द्यायलाही पुरत नसे. दोनदा तर भेंडी धुऱ्यावर टाकून दिली, गाडी बोलावणं परवडेना म्हणून.

मग २०२१ च्या दिवाळीत बैलजोडी विकायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. नांगरणी, चिखलणी सगळं ट्रॅक्टरनंच होत होतं, बैल नुसते खात होते, असा माझा हिशोब होता. बाबांनी हो म्हटलं, पण बाजाराच्या दिवशी ते आले नाहीत. पासष्ट हजार आले. पंचवीस माझ्याकडचे घातले. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, पट पुन्हा सुरू होणार म्हणून गावोगावी बैलांच्या किमतींची चर्चा सुरू झाली. आमचे बैल काही पटाचे नव्हते. तरी त्या चर्चेत बाबा पारावर बसलेले असले की मी तिथून लवकर उठायचो.

गाडी होती भंडाऱ्याजवळच्या नदीकाठच्या एका गावात. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगा चढत गेली. भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं, काठची गावं बुडाली. ही पिकअप त्या पुरात दीड दिवस उभी होती. तेव्हापासून एका गोठ्याच्या आडोशाला. सीटवर गाळाची रेघ तशीच, टपावर कोंबड्या.

"इंजिन जाम आहे," मालक म्हणाले. "उभी राहून राहून झालं. खोलून साफ केलं की लागते, असं मिस्त्री म्हणतो."

हे खोटं नव्हतं. इंजिन दोन तऱ्हेनं जाम होतं. एक, चालता चालता. ऑइल संपलं किंवा पाणी संपून तापलं की पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो, बेअरिंग क्रँकला चिकटतं. तिथं मोठा खर्च ठरलेला. दुसरं, उभ्या उभ्या. ओल शिरते, सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यात अडकतात. हे जाम पुष्कळदा सुटतं. मी यूट्यूबवर आठवडाभर हेच पाहत होतो. पूर म्हणजे दुसरा प्रकार, म्हणजे स्वस्तात सुटका. शिवाय हे जुनं इंजिन, कॉम्प्युटर नसलेलं.

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. बोनेटमध्ये वाकून पाहिलं. मग मालकांना विचारलं, "पानी उतरल्यावर चाबी फिरवली व्हती का जी?"

मालक काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "बाबा, राहू द्या. आता गाड्या वेगळ्या असतात."

मी हे जरा हसत म्हणालो होतो. मालकही हसले. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि ते मला जाणवलंही नाही. बाबा गोठ्याकडे गेले, तिथल्या गाईच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. मी पैसे मोजले.

ट्रॅक्टरला टोचन करून गाडी करडीला आणली. मोहाडीच्या बाजूचा एक मिस्त्री आला. त्यानं आधी ऑइल काढून पाहिलं. दुधाळ चहासारखं होतं, म्हणजे पाणी मिसळलेलं. मग चारही नोझल काढले आणि त्या भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं. "आता हात लावू नका भाऊ," म्हणाला. "आठ दिवस पिऊ द्या तिला."

आठव्या दिवशी त्यानं क्रँकच्या पुलीला पाना लावला, पान्याला लांब पाईप. जोर लावला नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे. अर्ध्या तासानं कुठंतरी करकर झाली आणि पाना बोटभर सरकला. मी ओरडलोच. आईनं चहा टाकला. संध्याकाळपर्यंत इंजिन पूर्ण फेरा घेऊ लागलं होतं.

पण मिस्त्री खूश दिसेना. दुसऱ्या दिवशी त्यानं हेड उतरवलं. चारही पिस्टन एकेक करून सगळ्यात वर आणले आणि प्रत्येकावर स्केल धरली. पहिला, दुसरा, चौथा एका उंचीवर. तिसरा चार मिलिमीटर खाली.

"कनेक्टिंग वाकला आहे," तो म्हणाला. "पाण्यावर सेल्फ मारला कुणीतरी."

तेव्हा मला बाबांचा प्रश्न ऐकू आला.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटेल, हीच रुडॉल्फ डिझेल यांची कल्पना. आमच्या पिकअपच्या एका सिलिंडरमध्ये सव्वासहाशे मिलिलिटरच्या आसपास हवा येते आणि पिस्टन ती चाळीसेक मिलिलिटरच्या जागेत कोंबतो. म्हणजे अर्धा कप चहा मावेल एवढी जागा. हवा दबते. पाणी दबत नाही. त्या अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल आणि स्टार्टरनं पिस्टन वर ढकलला, तर काहीतरी वाकणारच. बहुतेक वेळा पिस्टनला खालून धरणारा दांडा वाकतो. म्हणून पुरातली गाडी उभीच्या उभी उचलून न्यायची आणि आधी नोझल काढून पाणी काढायचं. विम्यातही हीच मेख असते. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण बुडालेली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन मोडलं तर ते बहुधा नाकारतात. त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. या गाडीला तर नुसता थर्ड पार्टी विमा होता, म्हणजे तोही प्रश्न नव्हता.

हे सगळं मी नंतर वाचलं. बाबांनी ते वाचलेलं नव्हतं.

मी लहान असताना नदीकाठच्या तुकड्यात आमचं डिझेल इंजिन होतं. किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली, आणि अशा इंजिनांनी वीज नसलेल्या किती शेतांना पाणी दिलं असेल. आमचंही तसलंच, हँडल मारून सुरू करायचं. एका पावसाळ्यात ते पुरात बुडालं. पाणी ओसरल्यावर बाबांनी हँडल लावलं. अर्धा फेरा फिरलं आणि दगडाला अडल्यासारखं थांबलं. बाबांनी तिथंच हात सोडला. इंजिन खोललं, पाणी काढलं, सुकवलं. पुढे ते आणखी नऊ वर्षं चाललं.

हे त्यांनी मला हेड उतरवलेल्या इंजिनापाशी बसून सांगितलं. मी विचारलं तेव्हा. त्याआधी एकदाही नाही.

"हँडल मनगटाले सांगते गा," ते म्हणाले. "आत काही हाय, थांब म्हनते. चाबीले काय समजते? ते फिरते."

मी सहा वर्षं गाड्यांच्या लाइनवर काम केलेला माणूस. दिवसाला कित्येक गाड्यांचे नट मी ठरलेल्या टॉर्कनं आवळले आहेत. बंद पडलेलं इंजिन मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या लाइनवरून जायची ती प्रत्येक गाडी नवी असायची.

त्या रात्री मालकांना फोन केला. भांडायचं ठरवलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फिरवली होती जी. दोनदा. पाणी पुन्हा चढेल म्हणत होते सगळे. वाटलं, लागली तर वर नेऊन ठेवू. घरातलं सगळं गेलंच होतं, गाडी तरी वाचेल." थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या बाबांनी विचारलं तेव्हा सांगणारच होतो."

मी फोन ठेवला. मी मध्ये बोललो नसतो तर त्यांनी सांगितलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही. नव्वदचे सत्तर झाले असते कदाचित. कदाचित आम्ही ती घेतलीच नसती.

नवा कनेक्टिंग रॉड, चार लायनर-पिस्टन, नागपूरच्या लेथवर क्रँकची तपासणी, डिझेल पंपाची सफाई, स्टार्टर, वायरिंग, ब्रेक, मजुरी. चौऱ्याण्णव हजार झाले. त्यातले पन्नास आईनं तिच्या बचत गटातून कर्ज काढून दिले. देताना एवढंच म्हणाली, "हप्ता चुकला तर बाया मले बोलतीन, तुले नाही." एकूण एक लाख चौऱ्याऐंशी हजार. चालती गाडी घेतली असती तर अडीच. कागदावर सहासष्ट हजार वाचले. पण गाडी फेब्रुवारीत रस्त्यावर आली आणि तोवर आमची हिवाळ्यातली वांगी भाड्याच्या गाडीनंच गेली. हे सगळं वजा केलं तर काय वाचलं ते मी अजून नीट मांडलेलं नाही.

पहिल्या फेरीला बाबा सोबत आले. पहाटे चारला, मागे अठरा कॅरेट वांगी. मी चावीला हात घातला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे पाहत होते. "फिरव ना," म्हणाले. भंडारा येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. ते इंजिनाचा आवाज ऐकत होते.

बचत गटाचं कर्ज फिटलं. गाडी अजून आहे, थंडीत सुरू होताना थोडा धूर काढते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वैनगंगा पुन्हा वाढली. मी बातम्या पाहत होतो तोवर बाबा उठून बाहेर गेले. अंगणात पाणी येण्याची काही शक्यता नव्हती, आमचं घर उंचावर आहे. तरी त्यांनी मला गाडी आणखी वर शाळेजवळ लावायला सांगितली. लावली. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडून चावी मागून घेतली. बंडीच्या खिशात टाकली.

पाणी उतरून तीन दिवस झाले तेव्हा दिली.