निरोप आपल्याच हवाली

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ उठला, तेव्हा आम्ही घरचे सगळे सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपवर आलो. मी जयपुरात खातीपुऱ्याला, आई आणि धाकटा भाऊ सांगलीला. आईच्या साखरेचे आकडे, सातबाऱ्याचे फोटो, बँकेची कामं असं सगळं आम्ही एकमेकांना पाठवत असू. ते आमच्यातच राहावं, एवढीच इच्छा.

पहिली अडचण आली ती भावाचा फोन हौदात पडला तेव्हा. नव्या फोनमध्ये जुनंच सिम घालून त्याने सिग्नल सुरू केलं. नंबर तोच, पण जुना निरोप एकही नाही. "ताई, सगळं कोरं झालंय बघ," म्हणाला. सिग्नलवरच्या निरोपांची किल्ली दोन्ही टोकांच्या फोनमध्येच असते, मधल्या कुणाकडे नसते. त्यामुळे हरवलेलं मधल्या कुणाकडे मागायचीही सोय नाही.

माझ्या फोनमधली प्रत मात्र शाबूत होती. साखरेचे आकडे, उतारे, पावत्या मी एकेक करून त्याला परत धाडल्या. मग दोघांनीही बॅकअप चालू केला. अँड्रॉइडवर तो सुरू करताना तेव्हा तीस अंकी संकेत मिळायचा, पाच-पाच अंकांचे सहा गट. तो हरवला तर बॅकअपची फाइल असून नसल्यासारखी. भावाचा संकेत आईने कागदावर उतरवून विम्याच्या कागदपत्रांत ठेवला. फाइल फोनमध्येच राहिली तर फोनबरोबर तीही जाणार, म्हणून भाऊ ती अधूनमधून पेन ड्राइव्हवर घेतो.

दुसरी अडचण २८ जून २०२२ ची. उदयपुरात झालेल्या एका हत्येनंतर राजस्थानभर चोवीस तासांसाठी मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आलं. नेटच नसेल तर अ‍ॅप कितीही सुरक्षित असो, निरोप जागचा हलत नाही. आईला काळजी, म्हणून साधा फोन आणि एसएमएस. एसएमएसला सिग्नलसारखं संरक्षण नसतं, तेव्हा त्यात फक्त खुशाली कळवायची, असं आम्ही ठरवलं. ब्रायरसारखं अ‍ॅप नेटशिवाय ब्लूटूथवर चालतं, पण जवळपासच्या फोनपुरतं. जयपूर-सांगलीला त्याचा उपयोग नाही. शिवाय मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या चौदा अ‍ॅपांत तेही होतं.

तिसरी गोष्ट फोन नंबरची. कॉलनीतल्या नव्या ओळखीच्यांना नंबर द्यायला मन धजत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिग्नलने युजरनेम आणलं, तेव्हापासून तेच देते. नोंदणीला नंबर लागतोच, पण समोरच्याला तो दाखवावा लागत नाही. समोरच्याने दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला, तर मात्र कुठलंच अ‍ॅप आडवं येत नाही. तिथे माणूसच विश्वासाचा हवा.

सप्टेंबर २०२५ पासून सिग्नलने ऑनलाइन बॅकअपही आणायला घेतला. त्याची ६४ अक्षरांची किल्लीही आपल्याचकडे. ती गेली तर सिग्नललाही काही करता येत नाही.

कुणी विचारलं तर मी हेच अ‍ॅप घ्या म्हणते. फक्त घरच्यांनी एकदा बसून ठरवावं: प्रत कुठे ठेवायची, किल्ली कुणाला माहीत असायची आणि नेट बंद पडलं तर कुणी कुणाला फोन करायचा. आपलं बोलणं आपल्यापुरतं ठेवायचं, तर ते सांभाळायचं कामही आपणच अंगावर घ्यायला हवं.