झोत, वलये आणि त्यांचे वय

रेडिओ नकाशात एखादे वलय दिसले, की ते खरोखर आकाशातले आहे की दुर्बिणीनेच उमटवलेले, हा प्रश्न अभ्यासकाला सर्वांत आधी सोडवावा लागतो. जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी ही 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी मिळून बनलेली एकच दुर्बीण असली, तरी अँटेनांमधल्या मोकळ्या अंतरांमुळे तिच्या मोजणीत फटी राहतात आणि त्या फटी प्रखर स्रोतांभोवती खोटी वर्तुळे उमटवतात. म्हणून तोच भाग वेगळ्या वारंवारतेवर आणि शक्यतो दुसऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यावाचून वलय खरे मानायचे नाही, हा या कामाचा पहिला धडा होय.

खरे ठरलेले वलयही पुष्कळदा कडे नसून पोकळ कवच असते, कारण कवचाच्या कडेपाशी नजर अधिक द्रव्यातून आरपार जाते आणि तेथेच ते उजळ भासते. सूर्यासारखा तारा आयुष्याच्या शेवटी बाहेरचे थर टाकून देतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा अतिनील किरणांनी ते थर उजळतो, हीच बिंबाभ्रिका. जोडतारा असल्यास द्रव्य चकतीत साठते आणि तिला काटकोनात, दोन्ही अंगांना झोत सुटू शकतात. 23 फेब्रुवारी 1987 रोजी दिसलेल्या सुपरनोव्हा 1987ए भोवतीचे आतले वलय मात्र खरोखरीचे कडे असून, ते स्फोटापूर्वी सुमारे 20,000 वर्षे ताऱ्याने टाकलेल्या द्रव्याचे आहे. स्फोटाने ते घडवले नाही, केवळ प्रकाशात आणले.

दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या चकतीतून पीळ पडलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे निघणारे झोत याहून कितीतरी विशाल असतात. सातपाटीच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी अरुंद वाटेने सरळ धावते आणि मोकळ्या समुद्रात शिरताच मंदावून, भोवरे टाकत पसरते, तसाच झोत दीर्घिकेबाहेरच्या विरळ वायूला भिडल्यावर फुगून रेडिओ-पालीत, म्हणजे दूरवर पसरलेल्या, प्रारण सोडणाऱ्या ढगात, रूपांतरित होतो. झोत थांबल्यावर या पालींतील अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी ऊर्जा गमावतात, त्यामुळे उच्च वारंवारतेवर त्या दिसेनाशा होतात आणि कमी वारंवारतेवर मात्र दीर्घकाळ टिकतात.

या टिकाऊपणाचे फळ 2025 मध्ये दिसले. मुंबई विद्यापीठातील आनंद होता यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड अ‍ॅट होम’ या उपक्रमातील नागरिक-अभ्यासकांनी युरोपातील लोफार दुर्बिणीच्या 144 मेगाहर्ट्झच्या नकाशांतून एकमेकांना छेदणारी दोन विचित्र रेडिओ वलये शोधली. त्यांचा प्रकाश विश्वाचे वय आजच्या निम्मे असताना निघालेला आहे. त्याच शोधातील सुमारे 30 लाख प्रकाशवर्षे लांबीच्या दुसऱ्या एका दीर्घिकेत झोत अचानक आडवा वळून सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंदीचे वलय फुगवताना आढळतो. अशा वलयांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. जुन्या पालींना आघातलाटेने पुन्हा ऊर्जा दिली असावी, हे एक स्पष्टीकरण.

सारांश, सारखी दिसणारी वलये फेकलेल्या द्रव्याची, फुगलेल्या झोताची किंवा पुन्हा चेतलेल्या अवशेषाची असू शकतात, आणि त्यांतला भेद आकारावरून नव्हे, तर निरनिराळ्या वारंवारतांवरील तेजस्वितेची तुलना करून व मध्यभागी कोणता तारा किंवा दीर्घिका आहे हे तपासूनच ठरतो.