मॅडमचा गालिचा, आईचा खांदा

गेल्या मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी काढून मी मुंबईला घरी गेलो. बॅग खाली ठेवली नाही तोवर आईनं विचारलं, "आरं, त्ये धूळ वडायचं मशीन कंचं चांगलं आसतंय?"

मला हसूच आलं. आमची खोली दहा बाय बारा. खाली शहाबादी फरशी, वर प्लॅस्टिकची चटई. चटई उचलून दारात झटकली की झाली सफाई. आम्हाला व्हॅक्यूम क्लीनर कशाला?

मग समजलं. आई ज्या मॅडमकडं अकरा वर्षं कामाला जाते, त्यांनी हॉलमध्ये नवा गालिचा टाकलाय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुझा मुलगा गिरणीत मशीनवर असतो ना? त्याला विचार, कुठलं घेऊ."

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. मुंबईत गिरणीच उरली नाही म्हणून घाट चढून इचलकरंजीकडं गेलो. बारावीला दोनदा नापास. वाचायची गोडी रद्दीच्या दुकानात पोत्यावर बसून लागली. कविता रातपाळीनंतर करतो. एक दोस्त म्हणाला, कवीनं व्हॅक्यूम क्लीनरवर लिहायचं म्हणजे काय? मी म्हटलं, का नाही लिहायचं? पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या कमरेला मागं झाडू बांधायला लावत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं. आता झाडूच्या जागी यंत्र येतंय. ते कोण निवडतं, कोण ढकलतं आणि त्यातली धूळ कोण उपसतं, हे आपण नाही बघायचं तर कुणी?

दुसऱ्या दिवशी आईबरोबर गेलो. टॉवर गिरणीच्या जागेवर उभा आहे. चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. माझा आजा त्याच गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आजा पुन्हा आत गेलाच नाही. योग बघा, दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकणारी युरेका फोर्ब्स कंपनी या देशात निघाली तीही १९८२ सालीच. एक भोंगा थांबला, दुसरी घरघर सुरू झाली.

वॉचमननं आम्हाला मागच्या लिफ्टनं जायला सांगितलं. आई रोज त्याच लिफ्टनं जाते. तिला काही वाटलं नाही. मला वाटलं.

गालिचा बघितला. दुधावरच्या सायीच्या रंगाचा. पाय ठेवला की घोटा बुडतोय असं वाटायचं. लव बोटाच्या पेराएवढी उंच, दाट, वरून कापलेली. आई त्यावर गुडघ्यावर बसून दातरी झाडूनं धूळ ओढायची. झाडूनं वरचं निघतं, बाकीचं आत जातं. मग हातानं एकेक केस वेचायचा. दीड तास एका हॉलला. संध्याकाळी घरी आली की उजवा खांदा भिंतीला टेकवून बसायची. रात्री खोकायची. मला वाटायचं, म्हातारपण. तिचं वय पन्नाससुद्धा नाही.

कोपऱ्यात लवेचा गोळा पडला होता. तो खिशात घातला आणि खाली येऊन काडी लावली. लोकर असती तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि चिमटीत राख झाली असती. हा वितळला. कडक मणी झाला. म्हणजे गालिचा कृत्रिम धाग्याचा. हे आम्हाला गिरणीत शिकवावं लागत नाही. मॅडमना सांगितलं तर त्या जरा नाराज झाल्या. दुकानदारानं त्यांना लोकर म्हणून सांगितलं होतं.

आता कामाचं सांगतो. आपल्या कितीतरी आया-बहिणी असल्या घरांत जातात, त्यांच्या उपयोगी पडेल.

जाड गालिच्यात खरी धूळ वर नसते. वर दिसतो तो केस आणि बिस्किटाचा चुरा. माती लवेच्या मुळाशी जाऊन बसते. नुसती हवा ओढली तर ती जागची हलत नाही. आमच्या ब्लो-रूममध्ये कापसाची गाठ फोडतात, तेव्हा आधी दातेरी रुळांनी कापूस मोकळा करतात, मग त्यातला कचरा सुटतो. गालिच्याचंही तसंच. यंत्राच्या तोंडात फिरता ब्रश पाहिजे, आणि त्या ब्रशाला स्वतःची मोटर पाहिजे. काही यंत्रांत ब्रश ओढलेल्या हवेवरच फिरतो. तो पातळ गालिच्यावर चालतो, जाड लवेत दम टाकतो.

पण ब्रश आहे म्हणून भागत नाही. उंच लवेत तो रुतला तर अडकतो, पट्टा जळतो, लव उपटते. म्हणून तोंड वर-खाली करता आलं पाहिजे. सगळ्यात वरच्या खुणेवर सुरू करायचं आणि लवेला ब्रश जेमतेम लागेपर्यंत एकेक खूण खाली यायचं. गालिचा लोकरीचा असेल तर ब्रश आणखी जपून लावायचा. लांब झुपकेदार किंवा फासाफासांचा असेल तर ब्रश बंदच करून नुसत्या हवेवर काम करायचं. म्हणजे ब्रश बंद करायचं बटण हवंच.

मग ओढ. इथं सगळे फसतात. जास्त वॅट म्हणजे चांगलं यंत्र, असं विकणारा सांगतो. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते ते. ती किती ओढते ते नव्हे. जास्त खाणारा जास्त काम करतो, असं कुठं असतं? आमचा मुकादम बघा. आणि गुबगुबीत गालिच्यावर तर उलटंच होतं. तोंड लवेत बसतं, चारी बाजूंनी बंद होतं, जळवेसारखं चिकटतं. आत हवा यायला वाट नाही, मग धूळ कशावर वाहणार? म्हणून ओढ कमी करायची सोय किंवा नळीवर उघडझाप करायची खिडकी लागते.

जमिनीवर आपोआप फिरणारी चकती असल्या लवेत चिखलातल्या बैलासारखी बसते. बॅटरीचं यंत्र हलकं, पण पूर्ण ओढीवर लावलं की मोठा हॉल व्हायच्या आत मान टाकतं.

एवढं मी मॅडमना सांगितलं. त्या चांगलं ऐकत होत्या. बाई वाईट नाही, हे लिहायला पाहिजे. पण त्यांचे प्रश्न सगळे गालिच्याबद्दल. लव दबेल का, डाग पडेल का, रंग जाईल का. यंत्र ज्या हातात जाणार त्या हाताबद्दल एकही प्रश्न नाही. आई तिथंच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मला गिरणी आठवली. आमच्या साच्यांच्या डोक्यावर रुळावरून एक यंत्र फिरत असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना सोंडा लोंबतात. ते साच्यावरचा कापूस उडवतं, खालचा ओढून घेतं. धागा तुटला तर त्याचा कापूस ओढायला साच्यालाच भोकं ठेवलेली असतात. साच्याला धूळ चालत नाही, सूत बिघडतं. आम्हाला मात्र तोंडाला रुमाल. कापसाच्या धुळीनं छातीचा जो आजार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून गोरे लोक त्याला सोमवारचा ताप म्हणत. साच्यासाठी ओढणारं यंत्र, माणसासाठी रुमाल. गालिच्यासाठी यंत्र, आईसाठी पदर.

आणि ओढण्यावरून एक जुनी गोष्ट. आज्याचा बाप रिंग खात्यात होता. साळखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपलं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना विटाळाचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. आपली ओढ तेव्हा बाटवणारी होती. झाडायला मात्र आपला हात कधीच बाटला नाही.

हे यंत्र कुणी काढलं, ते मी मोबाईलवर शोधून वाचलं. १९०१ साली लंडनच्या बूथ नावाच्या इंजिनियरनं केलेलं यंत्र घोडागाडीवर यायचं आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. १९०२ साली राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानं साफ केले. पण घरात हातानं ढकलायचं, फिरत्या ब्रशाचं विजेचं यंत्र केलं ते अमेरिकेत ओहायोच्या कँटन गावातल्या जेम्स मरे स्पँग्लरनं. हा एका दुकानातला झाडूवाला. दम्याचा रोगी. गालिचे झाडताना उडालेल्या धुळीनं त्याचा जीव घुसमटायचा. त्यानं पंख्याची मोटर घेतली, साबणाचं खोकं घेतलं, झाडूचा दांडा लावला आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा बांधला. १९०८ साली पेटंट मिळालं. पुढं ते त्यानं हूवर नावाच्या व्यापाऱ्याला विकलं. १९१५ साली स्पँग्लर मेला. आज विलायतेत घर झाडण्याला हूवर करणं म्हणतात. स्पँग्लर करणं कुणी म्हणत नाही.

हे वाचून मी रात्रभर जागा होतो. म्हणजे हे यंत्र गालिच्यासाठी निघालंच नव्हतं. ते झाडणाऱ्याच्या छातीसाठी निघालं होतं.

तिसऱ्या दिवशी विकणारा पोरगा दोन यंत्रं घेऊन आला. कल्याणकडचा, गळ्यात टाय, पायात झिजलेले बूट. त्यानं पहिलं यंत्र लावलं आणि नळी मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी एकदा पुढं-मागं केलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

मी म्हटलं, "आईला ढकलू दे."

सगळे गप्प. आई मागं सरली. "मला काय कळतंय त्यातलं?" मी नळी तिच्या हातात दिली. यंत्राचं तोंड गालिच्याला घट्ट चिकटलं. आई ओढतेय, गालिचा उचलला जातोय, तोंड सुटत नाही. पोरगा म्हणाला, "बघा मॅडम, काय पॉवर आहे!" आईनं उजवा खांदा धरला.

दुसरं यंत्र उभं, वजनाला जड, पण चाकं मोठी. ब्रशाची मोटर वेगळी, तोंडाला उंचीच्या खुणा. मी सगळ्यात वरची खूण लावली, मग एक खाली. आई ढकलत गेली. दांडा तिच्या कमरेच्या उंचीला येत होता. वाकावं लागत नव्हतं. हॉलच्या एका कोपऱ्यातून इतकी बारीक राखाडी माती निघाली, की मॅडम बघतच राहिल्या. तो कोपरा आईनं कालच तासभर झाडला होता.

मॅडमना पहिलं आवडलं होतं. सोफ्याच्या रंगाला जुळत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं.

आई म्हणाली, "त्ये पयलं नको."

अकरा वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदा नको म्हणाली. शिळी भाजी नको म्हणाली नव्हती, दिवाळीला जुनी साडी नको म्हणाली नव्हती.

मॅडम दुसऱ्याला तयार झाल्या. पण एका गोष्टीवर अडलं. पिशवीचं घ्यायचं की डब्याचं? पिशवीत धूळ बंद राहते, भरली की तशीच फेकायची. डबा उघडून झटकावा लागतो, धूळ तोंडावर येते. चांगल्या हेपा फिल्टरमध्ये ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात म्हणतात. पण डबा उघडल्यावर फिल्टर काय करणार? मी हे सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पिशव्यांचा खर्च कायमचा मागं लागतो रे." डब्याचं आलं.

आता आई खाली कचऱ्याच्या खोलीत डबा रिकामा करते. मी तिला सांगितलंय, डबा मोठ्या पिशवीत घालून हळू उघडायचा, पिशवीचं तोंड आवळायचं, नाक-तोंड बांधायचं. तेवढ्यानं थोडंच भागतं? पिशवीचं भांडण अजून बाकी आहे.

निघायच्या रात्री आई खांद्याला तेल चोळत बसली होती. म्हणाली, "गालिच्याला आता अर्धा तास लागतोय. बरं क्येलंस." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "माज्यासाटी एवडं बोललास. तुज्या गिरनीत कदी काय मागितलंस का रं? सोमवारी तुजी छाती आवळती म्हंतोस न्हवं?"

मला उत्तर आलं नाही. कवितेत मी रोज मागतो. खात्यात कधी तोंड उघडलं नाही. कंत्राटावरचा माणूस, उद्या गेटवर नाव निघेल ही भीती.

परत आल्यावर पाळी सुटल्यावर मी वहीचं पान फाडलं. त्यावर तीनच गोष्टी लिहिल्या: रिंग खात्यातली धूळ मोजा, धंद्याचे मास्क द्या, वर्षातून एकदा छातीची तपासणी करा. खाली माझं नाव टाकलं. नावाखाली जागा सोडलीय. आतापर्यंत चौघांनी सही केलीय, एकानं अंगठा दिलाय.