गेलेला मोबाइल

गेल्या श्रावणांत जालन्याच्या मोंढ्यांतील गर्दींत माझा मोबाइल कोणी लांबविला. यंत्राचें मोल थोडें. परंतु त्यांत कैलासवासी मातोश्रींचा आवाज होता. पोलिसांत तक्रार नोंदविली, जुन्याच क्रमांकाचें सिम पुन्हां घेतलें आणि मे २०२३ मध्यें देशभर खुल्या झालेल्या ‘संचार साथी’वर खोक्यावरील १५ अंकी आयएमईआय क्रमांक भरला. सिम बदललें तरी हा क्रमांक तोच राहतो. म्हणून तो रोखल्यावर यंत्र कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाहीं, आणि कोणी नवें सिम घातल्यास पोलिसांस माग लागतो. वाचकांनीं आपला क्रमांक आजच वहींत उतरून ठेवावा. यंत्र अद्याप मिळालें नाहीं. धाकट्या बहिणीच्या मोबाइलमध्यें मात्र मातोश्रींचा एक निरोप सांपडला: “जेवलीस का गं?” तेवढ्यावर आम्ही भावंडें समाधान मानतों.