गुलशनाबादेंतील पिवळा गुलाब

मोगल अमदानींत नाशकास 'गुलशनाबाद' म्हणत, हें कोणी पाहुणा आला कीं प्रथम सांगितल्यावांचून आम्हां नाशिककरांस राहवत नाहीं. गुलशन म्हणजे फुलबाग. असें बिरुद मिरविणाऱ्या गांवांत, गंगेपासून हांकेच्या अंतरावर, माझ्या अंगणांतला एकुलता एक गुलाब दोन वर्षें पिवळा पडत चालला होता, ही गोष्ट मात्र मी पाहुण्यांस सांगत नसें.

तें रोपटें साधें नव्हतें. जुना वाडा उतरविला तेव्हां मातोश्रींनीं मागच्या चौकांतल्या गांवठी गुलाबाची फांदी जपून आणिली आणि नव्या घरापुढें लाविली. रोज सकाळीं त्याचें एक फूल देवांस वाहावयाचें, हा त्यांचा नेम. त्या गेल्यावर नेम माझ्याकडे आला, आणि माझ्या हातीं येतांच झाड फुलेनासें झालें. घरांतलीं मंडळी तोंडावर बोलत नसत. परंतु धाकट्या वहिनींनीं फुलांच्या पुडीचा रतीब लाविला, तेव्हां काय समजावयाचें तें मी समजलों. मग उपाय सुरू झाले. दिवसांतून दोन वेळां विहिरीचें पाणी, होळीची राख, कोणीं सांगितलें म्हणून बुंध्याशीं हिराकस. झाड अधिकच फिकें पडलें.

गेल्या कार्तिकांत ओझरला जाण्याचा योग आला. आग्रा रस्त्यानें दहा-बारा मैल गेलें कीं दोहों बाजूंस द्राक्षमळे लागतात. ओझरास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं १९२५ सालीं द्राक्षाची लागवड केली. पुढें निफाडकडील सारा टापू या वेलीनें व्यापिला. युरोपांत ही वेल हिवाळाभर झोंपी जाते. आमच्याकडे तिला झोंप आणणारी थंडी नाहीं, म्हणून वर्षांतून दोनदां छाटावी लागते: एप्रिलांत काडीसाठीं आणि आक्टोबरांत फळासाठीं. आम्ही गेलों तेव्हां मळा नुकताच कोंवळ्या पालवीनें भरला होता.

मळ्याच्या धन्याशीं बोलतां बोलतां मीं गुलाबाचें गाऱ्हाणें सांगितलें. त्यांनीं एकच विचारलें, "मास्तर, आधी कोणतं पान पिवळं पडतं? शेंड्याचं की बुडाचं?"

दोन वर्षें ज्या झाडाची मीं सेवा केली, त्याचें कोणतें पान आधीं पिवळें पडतें हें आठवावयास मला डोळे मिटावे लागले! शेंड्याचें, आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, असें मीं सांगितलें. "मग झाड उपाशी नाही," ते म्हणाले, "त्याचं तोंड शिवलंय."

याचा उलगडा त्यांनीं बांधावर बसून केला. नत्र कमी पडलें तर जुनीं पानें, घरांतल्या वडील माणसांप्रमाणें, आपल्या मुखांतला घांस नव्या पानांस देतात आणि स्वतः पिवळीं पडतात. लोहाचें तसें नाहीं. एकदां पानांत बसलें कीं तें तेथून सहसा हलत नाहीं, म्हणून उणीव शेंड्याला दिसते. आतां आमची काळी माती सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाची लेक; तिच्यांत लोहास तोटा नाहीं. परंतु जेथें चुना माजला तेथें माती अल्कधर्मी होते, आणि लोह असून पाण्यांत विरघळत नाहीं. वरून घातलेला हिराकसही तसाच बांधला जातो. राखेनें अल्क वाढतें. रोज पाणी तुंबलें कीं मातींतली हवा जाते, मुळांचा उच्छ्वास चुन्याशीं मिळून बायकार्बोनेट वाढतें, आणि तें मुळांस लोह घेऊं देत नाहीं. म्हणजे माझा प्रत्येक उपाय त्या शिवलेल्या तोंडास आणखी एक टांका होता.

हें दुखणें केवळ आमचें नव्हे. मुळांवरील किडीनें फ्रान्सचे मळे बुडविले तेव्हां तिकडील लोकांनीं अमेरिकन खुंटावर आपल्या वेली बांधल्या. पण कोन्याकच्या चुनखडीच्या जमिनींत तेही पिवळे पडले. तेव्हां १८८७ सालीं पिएर व्हियाला या पंडितास अमेरिकेस धाडण्यांत आलें, आणि टेक्सासच्या मन्सन नांवाच्या जाणत्या माळ्यानें त्यास चुनखडींत सुखानें वाढणाऱ्या रानवेलींची वाट दाखविली. आमच्याकडील पुष्कळ द्राक्षें आज ज्या 'डॉगरिज' खुंटावर उभीं आहेत, तोही मूळचा टेक्सासचाच. दुष्काळ व क्षार सोसतो म्हणून आणिलेला. धनी त्याचें नांव एखाद्या व्याह्याचें घ्यावें तसें घेत होते.

निघतांना ते म्हणाले, "घरी गेल्यावर मातीवर लिंबू पिळून बघा."

त्याच संध्याकाळीं बशींत माती घेऊन वर लिंबू पिळलें. माती सोड्यासारखी फसफसली! मुलें टाळ्या पिटूं लागलीं. मला मात्र कांहींतरी आठवलें. कुदळ घेऊन खणलें, तों हातभर खालीं विटांचे तुकडे आणि चुन्याचीं ढेकळें. वाड्याचा राडारोडा. नव्या अंगणाची भर त्याचीच घालावी, गाडीभाडें वांचेल, ही युक्ति माझीच होती. मातोश्रींनीं वाड्यांतून गुलाब आणिला आणि मीं वाड्याच्या भिंती आणून त्याच्या मुळाशीं घातल्या!

राडारोडा उपसून गाळाची माती व कुजलेलें शेणखत भरलें. हिराकसाचें अगदीं पातळ पाणी आतां पानांवर शिंपडतों. जेथें थेंब बसतो तेथें पान ठिपक्याठिपक्यानें हिरवें होतें. पाणी वरची माती सुकल्यावरच. जुनें झाड टिकेलच असें नाहीं, म्हणून मार्गशीर्षांत त्याच्या तीन काड्या लाविल्या. दोन कुजल्या, तिसरी फुटली आहे. गुलाबाची नवी पालवी तांबूस असते. ती हिरवी होते कीं पिवळी, हें कळावयास अजून आठ दिवस हवेत. वहिनींनीं फुलांचा रतीब अद्याप बंद केलेला नाहीं.