मी पाहिलेले शाळेचे संगीत नाटक

विद्यार्थी मित्रांनो, संगीत नाटक म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते पणजोबांच्या काळातलं काहीतरी वाटतं. पण तेच नाटक तुमच्या वयाच्या मुलांनी केलं, तर ते किती आजचं होतं, हे मी गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात पाहिलं. तिथल्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' होतं.

देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपूरचा. हे नाटक रंगभूमीवर आलं १८९९ साली. कांचनभट हा लोभी बाप पैशासाठी आपल्या कोवळ्या मुलीचं, शारदेचं, लग्न भुजंगनाथ या म्हाताऱ्याशी ठरवतो आणि कोदंड नावाचा तरुण त्याला विरोध करतो, अशी ही गोष्ट. आधीची 'शाकुंतल', 'सौभद्र' ही गाजलेली संगीत नाटकं पुराणातल्या कथांवर होती. देवलांनी मात्र घराघरातला प्रश्न गाण्यातून मांडला. गंमत म्हणजे त्या काळी शारदाही पुरुषच रंगवत!

जुनी संगीत नाटकं रात्रभर चालायची. शाळेने निवडक प्रवेश आणि पाचच पदं घेतली होती. पेटीवर संगीताचे सर, तबल्यावर दहावीतला मुलगा. कोदंडाचा आवाज नुकताच फुटलेला, म्हणून सरांनी त्याच्या पदांची पट्टी खाली आणली होती. भुजंगनाथाच्या केसांना पावडर इतकी फासली होती की तो खोकला की ढग उडायचा! मैदान हसून हसून लोटपोट झालं.

मग नववीतली शारदा उभी राहिली. माईक मध्येच खरखरला, पण ती थांबली नाही. सूर थोडा हलला, तरी शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. कारण ती गात होती ते तिच्याच वयाच्या मुलीचं दुःख होतं. मोठ्या नटीला जे अभिनयाने आणावं लागतं, ते तिच्याकडे वयानेच आलं होतं.

माझ्या शेजारी तिची आजी बसली होती. तालमी संध्याकाळी उशिरापर्यंत चालायच्या, घरून परवानगी मिळेना, तेव्हा ही आजीच रोज सोबत येऊन बसायची. ती हळूच म्हणाली, "बाई, माझं लगीन तेराव्या वर्षी झालं. आमच्या मांडवात कुनी कोदंड आला न्हाई." मग पुढच्या रांगेकडे बोट करून म्हणाली, "दहावी झाली की हिची स्थळं बघायची म्हनतोय तिचा बाप. म्हनून त्याला मुद्दाम पुढं बशिवलाय." स्टेजवर कांचनभट पैशाचा हिशेब करत होता. सगळे हसत होते. तो माणूस मात्र मान खाली घालून बसला होता.

मित्रांनो, १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्याला 'शारदा कायदा' म्हणतात. ते नाव मात्र नाटकावरून नव्हे, तर तो मांडणारे हरविलास सारडा यांच्यावरून पडलं. तेव्हा मुलीचं किमान वय होतं १४. आज लग्नासाठी मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असावा लागतो. असं लग्न ठरत असेल तर १०९८ या मोफत क्रमांकावर कुणीही, अगदी तुम्हीसुद्धा, कळवू शकता.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. वडिलांनी पुढे काय ठरवलंय, ते अजून त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. एका नाटकाने माणूस बदलतोच असं नाही. पण जी गोष्ट ती मुलगी घरात तोंड वर करून बोलू शकली नसती, तीच तिने सगळ्या गावासमोर, पेटीच्या सुरात, बापाला ऐकवली. ते त्याला ऐकावंच लागलं.

म्हणून तुमच्या शाळेत नाटक बसत असेल तर "मला येत नाही" म्हणून मागे राहू नका. गाता येत नसेल तर पडदा ओढा, सतरंज्या उचला, पण त्यात असा. आणि नाटक बघायला जाताना घरच्या मोठ्यांना हाताला धरून न्या, जमलं तर पुढच्या रांगेत बसवा.