उसनवारीची बाग

वास्तुशांत आटोपून पाहुणे आपापल्या गावी परतले आणि नव्या घराभोवतालच्या उघड्याबोडक्या मुरमाकडे पाहून यजमानांच्या मनात उद्यानाची वासना उत्पन्न झाली, की पुण्याच्या पश्चिमेकडील कोणत्याही नव्या वसाहतीत एक गृहस्थ हटकून उपस्थित होतो आणि पिशवीतून अंदाजपत्रक काढून टेबलावर मांडतो. त्यात परदेशी ताडाची पुरुषभर उंचीची झाडे असतात, गुंडाळी करून आणावयाची हिरवळ असते, पांढरे गारगोटे असतात, झुडुपांच्या बुडाशी रात्री लावावयाचे दिवे असतात. आणि सर्वांच्या तळाशी 'माती, खत व किरकोळ' या सदराखाली एक क्षुल्लक रक्कम असते. असली अंदाजपत्रके शेजारधर्म म्हणून मी पुष्कळ वाचली आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की त्यांतील निम्मीअधिक रक्कम ही उतावळेपणावरील पट्टी होय. वीतभर रोप आणि पुरुषभर झाड यांच्या किमतीत जी तफावत असते, ती रोपवाटिकेत कोणी तरी आपल्याऐवजी वाट पाहिली, त्या वर्षांचा मोबदला असते. ज्याला स्वतःला वाट पाहता येते, त्याने तो का भरावा?

आपल्याकडील जुनी परसबाग खरेदीखताने हस्तगत झालेली मालमत्ता कधीच नव्हती. मोगरा सूनबाईच्या माहेरचा, जास्वंद देवळाच्या गुरवाकडची, कर्दळीचे कंद बदली होऊन गेलेल्या कोणा मामलेदाराच्या मागे राहिलेले, अशी तिची वंशावळ असे, आणि कोणत्या झाडाचे ऋण कोणाचे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असे. ही वहिवाट अद्याप सर्वस्वी मोडलेली नाही. आषाढातल्या झडीत आमच्या शेजारच्या काकू अजूनही कुंपणावरून हाक मारतात, "अहो, काडी काय विकत आणायची असते? पाऊस धरलाय तोवर कात्री घेऊन या!" आणि कात्री घेऊन गेले की जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहा-आठ इंचांची फांदी, खालचा छेद डोळ्याच्या लगत तिरपा, वरचा आडवा, अशी काटून हाती देतात. शेंड्याची एक-दोन पाने राखून बाकीची खुडावी, दोन डोळे मातीत जातील इतकी ती खोचावी, आणि मग तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा खडतर योग साधावा. कारण पंधरवड्यात फुटणारी पालवी पाहून जो हर्षभरित होतो आणि मुळ्या धरल्या की काय हे पाहण्यासाठी काडी उपटतो, त्याला हे ठाऊक नसते की ती पालवी काडीतल्या शिलकीवरच फुटलेली असते आणि मुळ्या मागाहून, आपल्या सवडीने येतात. गुलचाफ्याचा स्वभाव याच्या उलट. त्याची फांदी तोडल्याबरोबर मातीत घातली तर कुजते. चीक गळून छेद कोरडा पडेपर्यंत तिला आठवडाभर सावलीत टाकून ठेवावी लागते. जाई-मोगऱ्याला तर कात्रीसुद्धा आधी लागत नाही. लवचीक फांदी वाकवून, पेराखालची साल किंचित खरवडून, ती तेवढी मातीत दाबावी आणि वर वीट ठेवावी. दीड-दोन महिन्यांत तिला स्वतःचे पाय फुटले की मग आईपासून तोडावी. (मनी-प्लँट मात्र मागून आणलेला जगत नाही, चोरूनच आणावा लागतो, अशी लोकांची श्रद्धा आहे, धनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलीबद्दल ही श्रद्धा रूढ व्हावी, यात समाजाचे मार्मिक निरीक्षण असावे.)

काटकसरीचा दुसरा प्रकार याहून सोपा, आणि म्हणूनच दुर्मीळ: जे आहे ते तोडू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील झाडांविषयी जी आज्ञा आहे, तिचा आशय असा की आंबा, फणस, वड, पिंपळ तर लावावेतच, पण फुलझाडे, वेली, उपयोगी असो वा निरुपयोगी, जे जे म्हणून रुजत असेल ते लावावे आणि जतन करावे, कारण प्रसंगी निदान लाकूड तरी कामास येईल. राज्यकारभार चालविणाऱ्या पुरुषाला जी दूरदृष्टी होती, तिचा लवलेश आमच्या कंत्राटदारांत नसतो. कोपऱ्यातला आपोआप उगवलेला कडुनिंब, बांधावरची तरवड, सीताफळाचे खुरटे झुडूप, ही सगळी एका सकाळी साफ होतात आणि दुसऱ्या सकाळी त्याच जागी सावलीसाठी कापडी छत्री उभी राहते.

हिरवळीबद्दल मला थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. पुण्यात वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. उरलेल्या कोरड्या काळात, त्यातही चैत्र-वैशाखात, हिरवळीला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे 40 चौरस मीटरच्या बेताच्या तुकड्याला दिवसाला 200 लिटरपर्यंत, आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत जवळजवळ दोन टँकर. विलायतेत जी गोष्ट ढग फुकट करतात, ती येथे टँकरवाल्याकडून करवून घेण्यात कसले वैभव आहे, हे मला कधी कळले नाही. ज्याला हिरवे पाहिल्यावाचून राहवतच नाही, त्याने पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या हरळीचेच तुकडे वीतभर अंतरावर टोचावेत. शेतकरी ज्या चिवटपणामुळे तिच्या नावाने बोटे मोडतो, तोच येथे कामी येतो, आणि उन्हाळ्यात ती पिवळी पडली तरी मरत नाही.

खताविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर सच्छिद्र विटांच्या हौदात रचून तीन-चार महिन्यांत खत करण्याची जी पद्धत बसवून दिली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर गेली. त्यांचा दहा फूट लांब, सहा फूट रुंद हौद बंगल्याच्या आवारात मावत नसला, तरी चार-दोन विटांच्या फटी ठेवून रचलेला लहानसा कोंडाळा कोठेही मावतो. तरीही शनिवारी पाचोळा पोत्यांत भरून फाटकाबाहेर ठेवणारे आणि रविवारी पोत्यांतूनच खत विकत आणणारे सद्गृहस्थ माझ्या परिचयात आहेत.

इतके सांगूनही काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये. सोनचाफा काडीने सहसा येत नाही, आणि कोयीपासूनचा आंबा कोणत्या गुणाचा निघेल याची हमी कोणी देत नाही. तेथे खात्रीच्या रोपवाटिकेतले कलम रोख मोजून घ्यावे. आणि खड्डा खणणाऱ्याशी घासाघीस करू नये. मुरमात तीन फूट लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यात घेऊन, तो तापू देऊन, मग चांगली माती, कुजलेले खत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड यांनी भरावा लागतो. हे खणणे म्हणजे काय, ते पहारीच्या घावासरशी उडणारी ठिणगी ज्याने पाहिली आहे त्यालाच कळते. खणणाऱ्याला ठरलेली मजुरी द्यावी, दुपारचा चहा द्यावा, आणि त्याने मध्येच पहार टेकवून, "साहेब, खाली कातळ लागलाय. दोन हात अलीकडं घेऊ का?" असे विचारले, तर आपण कागदावर आखलेला नकाशा घडी करून खिशात घालावा आणि त्याला खुशाल अलीकडे घेऊ द्यावे.